जरावस्था, औषध आणि मद

महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी युधिष्ठिराला च्यवनांचे आख्यान सांगतात. हे आख्यान बहुतेक गृहस्थांना अर्धेच ठाऊक असते. वृद्ध व जर्जर झालेले च्यवन, त्यांची सेवा करणारी राजकन्या सुकन्या, देववैद्य अश्विनीकुमारांचे आगमन, सरोवरातील स्नान आणि पुन्हा प्राप्त झालेले तारुण्य, एवढा भाग कीर्तनातून कानी पडलेला असतो. आणि च्यवनप्राशाच्या निमित्ताने ऋषींचे नाव तर घरोघर पोहोचलेले आहे. परंतु कथा तेथे संपत नाही. उपकाराची फेड म्हणून च्यवनांनी अश्विनीकुमारांना यज्ञात सोमाचा भाग देण्याचे वचन दिले. हे दोघे चिकित्सेचा धंदा करीत मनुष्यांत वावरतात, ते देवांच्या पंक्तीस योग्य नव्हेत, असे म्हणून इंद्राने वज्र उगारले. तेव्हा च्यवनांनी इंद्राचा बाहू जागच्या जागी स्तंभित केला आणि तपोबलाने एक महाभयंकर असुर निर्माण केला. त्याचे नाव मद. इंद्र शरण आला, वैद्यांना यज्ञभाग मिळाला. परंतु उत्पन्न झालेल्या मदाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न उरलाच. च्यवनांनी त्याचा वध केला नाही. त्याचे विभाग करून ते मद्य, स्त्रिया, द्यूत आणि मृगया या चार ठिकाणी वाटून ठेवले.

वैद्यांना देवांच्या पंक्तीत बसविणारा आणि मदाला जन्म देणारा, हे दोघे एकच वृद्ध ऋषी आहेत, ही गोष्ट श्रोत्यांच्या लक्षात सहसा येत नाही. औषध आणि मद यांचे शेजारपण इतके जुने आहे. ज्या घरी वृद्ध माणूस आहे त्या घरी औषधाची डबी असावयाचीच. आणि पुष्कळ घरी, कोणी बोलून दाखवो अगर न दाखवो, त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर मदाचाही एक विभाग ठेवलेला असतो. प्रस्तुत विवेचन त्या दोन फळ्यांविषयी आहे.

ज्या भूमीवर भगवंतांनी अर्जुनाला गीता सांगितली त्या कुरुक्षेत्रापासून चंडीगढ शंभर किलोमीटरच्या आत आहे. चंडीमातेच्या मंदिरावरून या नगराला नाव मिळाले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते या नव्या राजधानीचे उद्घाटन झाले; तेव्हा जी तरुण जोडपी सरकारी नोकरीसाठी येथे आली, त्यांची मुलेही आज आजोबा-आजी झाली आहेत. चंडीमंदिर येथे सैन्याच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय असल्याने निवृत्त सैनिकांची कुटुंबेही आसपास पुष्कळ आहेत, आणि त्यांत महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबेही आहेत. सैनिकी कँटीनमधून सवलतीच्या दराने जे जिन्नस मिळतात त्यांत मद्यही असते, हे सर्वांस विदित आहे. शेजारच्या पतियाळा संस्थानाने तर मद्याच्या एका मापालाच आपले नाव दिले आहे. तेथील पेग सुमारे १२० मिलिलिटरचा मानतात, म्हणजे साध्या लहान पेगाच्या चौपट.

अशा नगरातील एक घर कल्पनेत आणावे. घरातील आबा ७२ वर्षांचे, पलटणीतून निवृत्त झालेले, मूळचे सातारा जिल्ह्यातील. मुलाच्या नोकरीमुळे आता येथे राहतात. प्रातःकाळी सुखना तलावाच्या काठी फिरून येतात, स्नान-संध्या करतात, गीतेचा एक अध्याय वाचतात. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, हृदयासाठी ॲस्पिरिनची लहान गोळी, गुडघ्यांसाठी वेदनाशामक आणि झोप लागत नाही म्हणून रात्री अर्धी गोळी, असा त्यांचा नित्याचा औषधक्रम आहे. सायंकाळी रमचे दोन लहान पेग, तोही पलटणीतला जुना क्रम. ते कधी कोणाला अपशब्द बोलले नाहीत, कधी रस्त्यात पडले नाहीत. डॉक्टरांनी विचारले तर "कधीतरी, थंडीत" एवढे उत्तर ते देतात. सूनबाई शेजारी उभी असते. वडील माणसाची चारचौघांत अप्रतिष्ठा नको म्हणून तीही गप्प राहते. या घरात कोणी दुष्ट नाही. तरीही हे घर एका कड्याच्या टोकावर उभे आहे.

ते कसे, हे समजण्यासाठी जरेचे स्वरूप पाहिले पाहिजे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाच्या कौमार, यौवन व जरा या अवस्था सांगितल्या आहेत, आणि तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा व व्याधी यांच्यातील दोष वारंवार पाहणे याची गणना ज्ञानातच केली आहे. जरेचे दोषदर्शन म्हणजे केवळ वैराग्याची उक्ती नव्हे. देहात कोणता पालट झाला हे स्वच्छ दृष्टीने पाहणे, हाही त्याचा अर्थ आहे. वय वाढते तसे देहातील पाण्याचे प्रमाण घटते. मद्य पाण्यात मिसळते. पाणी कमी झाले की तेवढ्याच पेल्याने रक्तातील मद्याचे प्रमाण अधिक चढते. यकृताची पचविण्याची गती मंदावते, मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती उणावते, म्हणून गोळीचा अंशही अधिक वेळ देहात रेंगाळतो. चाळिसाव्या वर्षी जे दोन पेग होते, ते बाहत्तराव्या वर्षी दोन राहिलेले नसतात. पेला तोच, बाटली तीच, परंतु पिणारा देह दुसरा झालेला असतो. आबा म्हणतात, "चाळीस वर्षे घेतो आहे, काही झाले नाही." ते खरेच बोलतात, मात्र ती साक्ष ज्या देहाची आहे तो देह आता नाही.

लहान पेग म्हणजे ३० मिलिलिटर. त्यात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. बिअरला दारू न मानण्याची एक चाल पडली आहे. तिची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते आणि साध्या बिअरमध्येही सुमारे ५ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे एका बाटलीत अडीच पेगांइतका मद्यार्क होतो. तीव्र बिअरमध्ये त्याहूनही अधिक. नावाने फसणारा मनुष्य तोलाने फसत नाही, म्हणून हे अंक घरात सर्वांस माहीत असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये असे प्रसिद्ध केले की, आरोग्याला निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. धर्मशास्त्राने जे पूर्वीच वर्ज्य ठरविले त्याला या साक्षीची आवश्यकता नव्हती असे कोणी म्हणेल. परंतु जे शास्त्राचे ऐकत नाहीत ते निदान तिचे ऐकतील.

आता त्या घरातील डबी उघडून एकेक गोळी मद्याशेजारी ठेवून पाहू.

मधुमेहावरील काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड, रक्तातील साखर खाली आणतात. साखर फार उतरू लागली तर यकृत आपल्या साठ्यातून व नवी घडवून ती भरून काढते. परंतु मद्य पोटात गेले की यकृत त्याच्या पचनात गुंतते आणि नवी साखर घडविण्याचे काम मागे पडते. अशा वेळी मनुष्याला घाम सुटतो, हात कापतात, बोलणे अडखळते, तो असंबद्ध बरळू लागतो. घरची माणसे म्हणतात, "आज आबांना जरा जास्त झाली, निजू द्या त्यांना." आणि त्यांना निजू दिले जाते. साखर उतरण्याची आणि मद्य चढण्याची बाह्य लक्षणे इतकी सारखी आहेत की तोंडाला वास येणाऱ्या माणसाचा खरा रोग ओळखू येत नाही. या एकाच चुकीने माणूस सकाळी उठत नाही असे घडू शकते. म्हणून मधुमेहाची गोळी घेणारा वृद्ध बरळू लागला तर वासाकडे न पाहता प्रथम साखर तपासावी. तपासण्याचे साधन जवळ नसेल आणि गिळण्याइतकी शुद्ध असेल तर साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

निद्रेची गोळी आणि मद्य ही दोन्ही मेंदूला मंद करणारी. एकत्र आली की त्यांचा परिणाम नुसता बेरजेने वाढत नाही. श्वासाची प्रेरणाच क्षीण होते. मृत्यू दूर राहिला तरी रात्री लघुशंकेस उठताना तोल जाणे, खुब्याचे हाड मोडणे आणि त्यानंतर अंथरूण धरणे, हा क्रम वृद्धांच्या घरी नवा नाही. अल्प्राझोलॅम, डायझेपाम यांसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून 'एच-१' या विशेष अनुसूचीत आली आहेत; ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम आहे. नियम विक्रेत्यासाठी आहे. शेजारणीच्या हातून पदराआड येणाऱ्या पट्टीसाठी नाही. पुष्कळ निर्व्यसनी घरांत, जेथे मद्याचा थेंब कधी आला नाही तेथेही, आजी वर्षानुवर्षे अशी अर्धी गोळी घेत असतात आणि ती सुटता सुटत नाही. मद हा केवळ बाटलीतच राहतो असे नाही.

ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे जठराच्या आतील आवरणाला बोचणारी, मद्यही तसेच. तिन्ही एकत्र झाली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच डांबरासारखे काळे होणे हे त्याचे लक्षण आहे. ते लपवून ठेवू नये. तापाची साधी पॅरासिटामॉल गोळी योग्य मात्रेत निरुपद्रवी समजली जाते, परंतु नित्य मद्य घेणाऱ्याच्या यकृताला ती अल्प आधिक्यानेही घातक होऊ शकते. आणि सर्दीच्या तयार गोळ्यांत तीच पॅरासिटामॉल दुसऱ्या नावाने असल्याने नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, मद्यही सैल करते. परिणामी उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

याहून विलक्षण असा एक प्रकार आहे. "आज मित्र येणार, थोडी घ्यावयाची आहे, तेव्हा गोळी नको," असे म्हणून कित्येक वृद्ध त्या दिवशीची गोळी टाळतात. ते याला सावधपणा समजतात. वस्तुतः त्या रात्री रक्तदाब औषधाविना राहतो आणि मद्य त्याला आणखी वर ढकलते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जे आरंभी विषासारखे वाटते आणि परिणामी अमृत ठरते ते सात्त्विक. जे विषयेंद्रियांच्या संयोगाने आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे ठरते ते राजस. आणि जे आरंभी व शेवटीही मोहच पाडते, निद्रा, आळस व प्रमाद यांतून निघते, ते तामस. कडू औषध आणि गोड पेला यांची तुलना या विवेचनात करणे सोपे आहे, आणि प्रवचनांत ती नेहमी होते. परंतु विचार आणखी एक पाऊल पुढे नेला पाहिजे. औषध स्वतः सात्त्विक नाही आणि तामसही नाही. विचार न करता, कोणी दिले म्हणून, किती ते न पाहता घेतलेली गोळी ही प्रमादच आहे, मग ती कितीही कडू असो. नीट वापरलेले तीव्र विषही उत्तम औषध होते आणि नीट न वापरलेले औषध विषासारखे ठरते, असा अभिप्राय चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. मद्याची चिकित्साही चरकांनी टाळलेली नाही. चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययावर, म्हणजे मद्यजन्य विकारांवर आहे. ऋषींना मद्य ठाऊक नव्हते म्हणून त्यांनी निषेध केला नाही. पूर्ण ठाऊक होते म्हणून केला.

जे लोक मद्याला औषधाचे नाव देतात त्यांच्याविषयी येथेच बोलणे योग्य. पौष-माघात चंडीगढला हाडे गोठविणारी थंडी पडते. "दोन चमचे ब्रँडी आजोबांना द्या, ऊब येईल," हा सल्ला तेव्हा हमखास मिळतो. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचेकडे रक्त धावते आणि ऊब आल्यासारखे वाटते. परंतु तीच देहाच्या गाभ्यातील उष्णता बाहेर निघून जात असते. शेकोटी घराच्या मधोमध होती, ती अंगणात नेऊन ठेवावी तसा हा प्रकार. ज्या वृद्धाची उष्णता राखण्याची शक्ती आधीच उणावली आहे, त्याला ही ऊब थंडीहून अधिक धोक्याची.

दुसरा प्रश्न आसव-अरिष्टांचा. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट ही आयुर्वेदाची मान्य औषधे आहेत. धायटीची फुले व गूळ घालून ती आंबवितात, आणि त्यांत आपोआप मद्यार्क उत्पन्न होतो. तो साधारण ५ ते १२ टक्के असतो. वैद्याने सांगितलेली मात्रा सहसा दोन ते सहा चमचे समान पाण्यासह. त्यात मद्यार्क फार थोडा जातो आणि बहुतेकांस तो बाधत नाही. म्हणून घाबरून त्यांचा त्याग करण्याचे कारण नाही. परंतु ज्याने मद्य सोडले आहे आणि ज्याला मद्याचा तिटकारा यावा म्हणून डायसल्फिराम ही गोळी चालू आहे, त्याला आसवाचे दोन चमचेही भोवू शकतात: चेहरा लाल होणे, वांत्या, छातीत धडधड. तीच गोष्ट काही खोकल्याच्या औषधांची, टॉनिकांची आणि होमिओपॅथीच्या अर्कांची. वैद्याला डॉक्टरांच्या गोळ्या माहीत नसतात आणि डॉक्टरांना वैद्याचे आसव माहीत नसते. मधल्या मध्ये सर्व काही माहीत असणारे एकटे रोग्याचे यकृत.

उपवासाचा विषय धर्मप्रेमी वाचकांना थोडा कठीण वाटेल, तरी तो टाळता येत नाही. ज्येष्ठातील निर्जला एकादशी ऐन उन्हाळ्यात येते. कार्तिकात पंजाबात करवा चौथ घरोघर पाळतात आणि तेथे राहिलेल्या मराठी घरांतील स्त्रियाही हौसेने पाळू लागल्या आहेत. पोटात अन्न नाही आणि मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतली, तर साखर उतरावयाचीच. पाणी नाही आणि लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी घेतली, तर देह शुष्क होऊन मूत्रपिंडांवर ताण पडावयाचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याप्रमाणेच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. सतराव्या अध्यायात देहातील भूतसमुदायाला अविवेकाने पीडा देणाऱ्या तपाची गणना आसुरी निश्चयात केली आहे. आजीचा उपवास आसुरी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तिची श्रद्धा सात्त्विकच आहे. परंतु व्रताच्या आधी चार दिवस डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ व मात्रा बदलून घेणे, अथवा निर्जलाऐवजी फलाहार करणे, यात व्रतभंग नाही. देवाने भक्ताच्या घरची चक्कर मागितलेली नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. धार्मिक घरांत मद्यत्यागाचा मार्ग शपथेचा. पत्नीच्या, मुलीच्या डोळ्यांतील पाणी पाहून एखादा वृद्ध चंडीमंदिरात किंवा मनसादेवीसमोर हात जोडतो आणि म्हणतो, "आजपासून बंद." घरात आनंद होतो, सत्यनारायण ठरतो. ज्याचे पिणे अल्प व क्वचितचे होते त्याच्यासाठी ही शपथ कल्याणकारीच. परंतु जो वर्षानुवर्षे रोज आणि पुष्कळ पीत आला आहे, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात, त्याचा देह मद्याला सरावलेला असतो. त्याच्याकडून मद्य एकाएकी काढून घेतले तर पहिल्या दोन-तीन दिवसांत घाम, थरकाप, झटके येतात. काहींना भिंतीवर नसलेली माणसे व प्राणी दिसू लागतात, भान जाते, आणि उपचार न मिळाल्यास प्राणही जाऊ शकतो. घरचे लोक हे पाहून दोन अनर्थकारक निष्कर्ष काढतात. कोणी म्हणतात, "बाहेरची बाधा झाली," आणि मांत्रिकाकडे धावतात. कोणी म्हणतात, "देवाला खोटी शपथ घातली, त्याची शिक्षा." दोन्ही व्यर्थ. देवाचा कोप नव्हे. सरावलेल्या मेंदूचा तो आक्रोश आहे, आणि त्यावर रुग्णालयात खात्रीचा उपचार आहे. वर्षानुवर्षे घेतलेली झोपेची गोळी अचानक थांबविली तरी असेच होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात याविषयी एक मार्मिक विधान आहे. सवयीचे झालेले अहितकर एकदम टाकू नये. चौथ्या-चौथ्या हिश्शाने कमी करीत, मध्ये दिवसांचे अंतर ठेवून ते सोडावे आणि त्याच क्रमाने हितकर स्वीकारावे. वैद्यकाचे अनेक शतकांचे अनुभवज्ञान या विधानामागे उभे आहे. तथापि त्याचा अर्थ असा नव्हे की आबांनी घरीच रोज एक घोट कमी करीत बसावे. बहुधा त्यात घोट कमी होत नाहीत, दिवस मात्र वाढतात. क्रम कोणता, आधारासाठी औषध कोणते, रुग्णालयात ठेवावे की घरी, हे ठरविणे वैद्याचे काम. शपथ देवळात घ्यावी, जरूर घ्यावी. पण त्याच दिवशी रुग्णालयाची वाट धरावी.

चंडीगढच्या रहिवाशांना ही वाट दूर नाही. १९६२ साली स्थापन झालेली आणि १ एप्रिल १९६७ पासून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून संसदेच्या कायद्याने मान्यता पावलेली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, लोकांच्या तोंडी 'पीजीआय', याच नगरात आहे. तिच्या मनोविकार विभागाची उभारणी १९६३ पासून डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी केली. भारतीय माणसाचे मनोविकार भारतीय जीवनाच्या संदर्भात समजून घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. आणि त्या विभागाकडून व्यसनमुक्तीचे स्वतंत्र केंद्रही चालविले जाते. तेथे जाणे म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात जाणे अशी जुनी समजूत अजून सुटलेली नाही; सेवानिवृत्त माणसाला ती विशेष बोचते. २०१९ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील केंद्राने देशव्यापी पाहणीचा जो वृत्तांत दिला, त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या भारतीयांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे मद्य घेतात. एवढ्या मोठ्या समुदायात आपण एकटेच सापडलो असे कोणालाही वाटण्याचे कारण नाही.

ही गोष्ट घरात काढावी कोणी आणि कशी? गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे. चारही गुण एकाच वाक्यात हवेत, ही त्यातील अडचण. मुलगा सत्य बोलतो पण उद्वेग उत्पन्न करतो, "लाज नाही वाटत या वयात?" असे म्हणतो आणि वडील त्या दिवसापासून बाटली ट्रंकेत लपवितात. सून प्रिय बोलते पण सत्य गिळते. हितकर बोलणे बहुधा असे असते: "आबा, तुमच्या गोळ्या आणि संध्याकाळचे घेणे यांचे जुळते की नाही, हे डॉक्टरांना विचारू या. मीही येतो बरोबर." यात आरोप नाही, उपदेश नाही, आणि प्रश्नाचे ओझे बापाच्या चारित्र्यावरून उचलून गोळीवर ठेवलेले आहे. जो माणूस पलटणीत सत्य बोलल्याबद्दल मान पावला, तो अशा प्रश्नाला खोटे उत्तर सहसा देत नाही. त्याला खोटे बोलावयास लावतो तो भोवतालच्या माणसांचा चेहरा.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरात अर्ध्या तासाचे काम असते. डबी, ट्रंक, देवघराचे फडताळ, उशीखालची पुरचुंडी, जेथे जेथे औषध आहे तेथून ते सर्व एका परातीत गोळा करावे: गोळ्या, आसवे, चूर्णे, डोळ्यांत घालावयाचे थेंब, मुलाने परदेशातून पाठविलेली जीवनसत्त्वे. मुदत संपलेली बाजूला काढावीत. एकच औषध दोन नावांनी दोन डॉक्टरांनी दिलेले आढळण्याची शक्यता मोठी आहे. पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव नातवाकडून वाचून घ्यावे, व्यापारी नाव नव्हे. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत नाव, मात्रा, वेळ आणि कोणत्या कारणासाठी, एवढे लिहावे. त्याच कागदाच्या शेवटच्या ओळीत मद्याचेही नाव, माप आणि आठवड्यातील दिवस लिहावेत, आणि ती ओळ ज्याची त्याने स्वतःच्या हाताने लिहावी. गोळी घेतली की समोर खूण करावी. स्मृती क्षीण झालेला मनुष्य घेतली की नाही या संभ्रमात ती पुन्हा घेतो, आणि सायंकाळच्या पेल्यानंतर तो संभ्रम अधिकच.

हा कागद प्रत्येक डॉक्टराला, प्रत्येक वैद्याला, औषधविक्रेत्यालाही दाखवावा. नवे औषध मिळाले की तेथेच विचारावे: हे कशाशी घेऊ नये, आणि किती दिवसांनी थांबवावयाचे? व्यसनमुक्तीसाठी शासनाचा १४४४६ हा दूरध्वनी क्रमांक आहे आणि ज्येष्ठ नागरिकांच्या साहाय्यासाठी १४५६७, दोन्ही विनामूल्य. घरात बोलणे अवघड झाले असेल तर प्रथम तेथे बोलून पाहता येते. ज्या वृद्धाच्या डोळ्यांना अंक नीट दिसत नाहीत त्याच्यासाठी ते त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, औषधांच्या नावांहूनही मोठे, लिहून ठेवावेत.